सव्वादोन फुटांचं दार

ऑफिसात त्यांना सगळे खोडरबर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. नगररचना खात्याच्या आरेखन विभागात ते एकतीस वर्षं होते. साहेबांनी एखादी रेघ इकडची तिकडे करायला सांगितली की कपाळाला आठी न घालता ते ती खोडत आणि तिकडे काढून देत. पुढे कागद-पेन्सिल गेली, संगणक आला, खोडायला रबर लागेनासं झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांनाही ते मनातून आवडायचं. आपल्यामुळे कुणाचं काम अडत नाही, असा त्याचा अर्थ ते लावत.

निवृत्त व्हायच्या नऊ वर्षं आधी खात्याने एक योजना काढली. शहरात राहायला जागा मिळेना आणि घराघरांच्या मागे मात्र रिकाम्या जागा गवत वाढवत पडलेल्या. तेव्हा असं ठरलं की खात्यानेच छोट्या घरांचे सहा नमुने काढून, तपासून, मंजूर करून ठेवायचे. ज्याच्या घरामागे जागा असेल त्याने त्यातला एक उचलायचा आणि बांधायचा. नकाशासाठी खेटे नाहीत, शेजाऱ्यांची संमती नाही, सुनावणी नाही. पंधरा दिवसांत परवानगी हातात. अट एकच होती: नमुन्यात कणभर बदल करायचा नाही. बदल केला की तो नमुना राहिला नाही, मग सगळं पहिल्यापासून.

सहापैकी चार नमुने खोडरबरांनी काढले. त्यातला नमुना तीन हा सगळ्यात चिंचोळा, कुठल्याही बोळातल्या जागेत बसेल असा. एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम आणि पुढे दोन माणसं टेकतील एवढा ओटा. पहिल्या आराखड्यात तो चारशे अठ्ठावीस चौरस फूट भरला. मर्यादा होती चारशेची. खोलीला आणि स्वयंपाकघराला नियमाने किमान माप ठरलेलं, तिथे हात लावता येत नव्हता. बाथरूमला तसं काही माप नव्हतं. तेव्हा जे काही कापायचं ते तिथेच कापा, असं साहेबांनी त्यांच्या खुर्चीमागे चहाचा कप घेऊन उभं राहून सांगितलं. तीन फुटांचं दार सव्वादोन फुटांचं झालं. चार फुटांची बोळकांडी अडीच फुटांवर आली. आत वळून दाराला कडी लावताना कोपर भिंतीला घासेल, एवढीच जागा उरली.

"फारच आवळलं जातंय, साहेब," खोडरबर म्हणाले.

"माणूस आत जातो ना? मग झालं."

माणूस आत जात होता. त्यांनी रेघा हलवल्या. त्या दिवशी घरी गेल्यावर, बायको पोळ्या लाटत असताना, त्यांनी तिला सगळी हकिगत सांगितली. आपण फाइलवर रीतसर हरकत लिहून ठेवली आहे, हेही सांगितलं. तिला त्याचं फार अप्रूप वाटलं. एवढ्या मोठ्या खात्यात कुणीतरी एकाने तोंड उघडलं, आणि तो आपला नवरा.

ती शाळेत शिवण शिकवायची. शिवणबाई म्हणून साऱ्या वस्तीत ओळखीची. हातरुमालाला इस्त्री असल्याशिवाय घराबाहेर न पडणारी बाई. दोघं तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहायची. लिफ्ट नव्हती, आणि इतकी वर्षं ती लागलीही नाही. खोडरबर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत शिवणबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. महिनाभर इस्पितळ झालं, मग काठी आली. तीन मजले चढायचे म्हणजे अर्धा तास, आणि उतरायचे म्हणजे जीव मुठीत.

लेकीने बरेच दिवस मनात धरलेलं तेव्हा बोलून दाखवलं. तिच्या घरामागे लांबुळकी जागा होती. ती, जावई आणि दोन मुली पुढच्या घरात राहत; आईबाबांना मागे छोटं घर बांधलं की सगळ्यांचाच घोर मिटेल. एका सुट्टीच्या दिवशी ती नमुना तीनच्या नकाशाची गुंडाळी घेऊन आली आणि आईच्या पलंगावर ती उलगडून बसली. खालच्या कोपऱ्यात आरेखकाची आद्याक्षरं होती.

"बाबा, बघा तरी कुणाचं घर बांधतोय आपण."

तिचा चेहरा असा फुलला होता की खोडरबर नुसतेच वाकून बघत राहिले. शिवणबाईंनी डाव्या हाताने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. लेकीने बोळकांडीवर बोट ठेवून विचारलं, की आईला काठी घेऊन जायला एवढी जागा पुरेल ना. पुरेल, ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. काठीने पुरत होतं. शिवाय वर्ष संपेपर्यंत काठीही सुटेल, असं डॉक्टर म्हणत होते. नमुना पाचचं दार रुंद होतं, पण तो त्या जागेत सहा फुटांनी बसत नव्हता. आणि स्वतःच्या सहीच्या घराला स्वतःच नाक मुरडायचं, हेही त्यांच्याच्याने झालं नाही.

बांधकाम सात महिने चाललं. पाचव्या महिन्यात दुसरा झटका आला आणि काठी कोपऱ्यात गेली ती गेलीच. चाकाची खुर्ची आली.

राहायला गेले त्या दिवशी भिंतींना नव्या रंगाचा वास होता. लेक खुर्ची ढकलत होती, जावई सामान आणत होता. पुढच्या दारातून खुर्ची छान आत आली. बोळकांडीत शिरली तेव्हा शिवणबाईंनी हात मांडीवर घेतले, नाहीतर बोटं सोलली असती. बाथरूमच्या दाराशी मात्र खुर्ची डावीकडे वळायला हवी होती, आणि ती वळेना. मागे घेतली, पुढे घेतली, तिरकी केली. दोन्ही भिंतींचा रंग खरवडला गेला. जावई शेवटी म्हणाला, उचलूनच न्यावं लागेल. पण दिवसातून पाच वेळा उचलणार कोण? जावई आठला कामावर जायचा, लेक त्याच्या मागोमाग. खोडरबरांची स्वतःची कंबर धरलेली.

मग पडदा आला, पडद्यामागे भांडं आलं, आणि अंघोळीच्या जागी ओल्या फडक्याने अंग पुसणं आलं. ज्या खोलीत जेवायचं त्याच खोलीत हे सगळं. शिवणबाई तक्रार करत नव्हत्या. त्यांनी फक्त सकाळच्या चहानंतर पाणी पिणं बंद केलं. खोडरबरांच्या ते लक्षातही आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ताप भरला, लघवीला आग व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं आणि मग ते बाहेर पडलं. पाणी प्यायचं नाही म्हणजे काय, असं डॉक्टर रागावले. शिवणबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्याच दिवशी खोडरबर ऑफिसात गेले. ज्या मुलीला त्यांनी पहिल्या दिवशी पट्टी कशी धरायची ते शिकवलं होतं, ती आता साहेबांच्या खुर्चीत होती. ती उठून उभी राहिली, चहा मागवला, बाईंची चौकशी केली. त्यांना खोली आणि बाथरूम यांच्यामधल्या भिंतीत रुंद दार काढायचं होतं, म्हणजे खुर्चीला वळण घ्यावंच लागणार नाही. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत ती काय ते समजली.

"सर, तुम्हाला मी काय नियम सांगणार," ती म्हणाली. "दार सरकायला जागा सोडली की खोली नऊ इंचांनी कमी होते. मग तो नमुना तीन उरत नाही. नवा अर्ज, शेजाऱ्यांची संमती, सुनावणी. वर्ष जाईल."

शेजारी संमती देणार नाहीत हे खोडरबरांना माहीत होतं. पण ते त्यासाठी आलेच नव्हते. नमुना मंजूर होतानाच आपली हरकत फाइलवर आहे, तिचा आधार घेतला तर खात्याला मूळ नमुन्यातच दुरुस्ती करता येईल, आणि ती सगळ्यांच्याच कामाला येईल, असं त्यांनी रस्ताभर मनात जुळवून आणलं होतं. तिलाही ते पटलं. तिने फाइल मागवली.

ती यायला तासभर लागला. पानं त्यांनी स्वतः उलटली. चारशे अठ्ठावीसचा आराखडा होता. चारशेचा होता. दोन्हींच्या मधे एक चिटोरं डकवलेलं, त्यावर त्यांच्याच तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: सूचनेप्रमाणे दुरुस्ती केली. खाली सही आणि तारीख. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. पानांवर आकडे होते, ओळीने होते, एकही गळलेला नव्हता. आकडेही त्यांनीच घातलेले. समोर ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"असेल दुसरीकडे कुठे," ती म्हणाली.

"असेल," खोडरबर म्हणाले.

बसथांब्यावर उभं राहून ते आठवायला लागले. कुठल्या टेबलावर लिहिली, कुठल्या पेनाने, काय शब्द होते? काही केल्या काही डोळ्यांपुढे येईना. येत होतं ते एवढंच, की बायको पोळ्या लाटतेय आणि आपण ओट्याला टेकून तिला सांगतोय, आणि ती लाटणं थांबवून आपल्याकडे बघतेय. दोन बस त्यांच्यासमोरून निघून गेल्या.

घरी शिवणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी साहेब रजेवर असल्याचं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लेकीला न विचारता गवंडी आणला. गवंड्याने भिंत ठोकून बघितली, छताचा भार तिच्यावर आहे म्हणाला, आणि परवानगी आहे का ते विचारलं. घर मीच काढलंय, असं खोडरबर म्हणाले, आणि गवंड्याला ते पुरलं. भार पेलायला वरून तुळई टाकली, भिंत फोडली, साडेतीन फुटांची वाट केली, तिला सरकतं दार लावलं. तीन दिवस शिवणबाई अंगणात सावलीला बसून होत्या. लेक पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आली तेव्हा भिंत अर्धी पडली होती, मग ती काय बोलणार.

चौथ्या दिवशी सकाळी तिने आईची खुर्ची पलंगापासून सरळ नळाखाली नेली. पाऊण तास दोघी आत होत्या. खोडरबर बाहेर वर्तमानपत्र धरून बसले होते. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि साबण डोळ्यात गेला म्हणून आई लेकीला बोलत होती, लेक उलट बोलत होती. कितीतरी महिन्यांनी शिवणबाईंचा आवाज चढलेला ऐकू येत होता. त्या दिवशी त्या दोन तांबे पाणी प्यायल्या.

कुंपणापलीकडे निवृत्त मुख्याध्यापक राहत. हे छोटं घर उभं राहिलं ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून पाच फुटांवर, आणि त्यांचा उजेड गेला. नियमाने त्यांना विचारायची गरज नव्हती, म्हणून कुणी विचारलं नाही. लेक साधं सांगायलाही गेली नव्हती. ते त्यांनी मनात ठेवलं होतं. आता राडारोडा बघितल्यावर त्यांनी वळणदार अक्षरात तक्रार लिहिली.

नऊ दिवसांनी निरीक्षक आला. हातात नमुना तीनचा कागद, गळ्यात टेप. बोलायला अगदी सौम्य. त्याने दार मोजलं, खोली मोजली, पलंगावरच्या बाईंना नमस्कार केला आणि लिहून घेतलं. आठवड्यात लेकीच्या नावावर नोटीस आली. तीस दिवसांत भिंत नमुन्याप्रमाणे पूर्ववत करा, नाहीतर परवानगी रद्द आणि घराला सील.

लेक नोटीस घेऊन मागे आली. ती ओरडली नाही. एकदा मला विचारायचं तरी होतं बाबा, एवढंच म्हणाली, आणि कागद टेबलावर ठेवून गेली. जावई त्यानंतर मागच्या अंगणात फिरकेनासा झाला.

खोडरबर मुख्याध्यापकांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. तक्रार मागे घ्या, असं हात जोडून म्हणाले. बायकोची सगळी अवस्था सांगितली. मुख्याध्यापकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शेजाऱ्याला विचारायचं नाही, हा नियम तुमच्याच खात्याचा ना?" ते म्हणाले. "मग आता मला कशाला विचारता?"

खोडरबरांनी जोडलेले हात खाली घेतले. ते परत आले.

मुदतीतले आठच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. शिवणबाईंची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत. त्या म्हणाल्या, तुमची ती हरकत दाखवा ना त्यांना.

"ती नाहीये."

"हरवली?"

"नव्हतीच." ते पडद्याच्या कड्यांकडे बघत होते. "मी फाइल बघितली. मी लिहिलीच नव्हती. मला वाटत होतं लिहिली म्हणून."

शिवणबाईंनी विचारलं, "काढताना कोण राहील असं वाटलं होतं इथे?"

"कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

ते खरोखर आठवायला लागले. नकाशात एक पलंग काढला होता, एक शेगडी, दाराची उघडमीट दाखवणारी एक कमान. माणूस नव्हता. तसं त्यांनी सांगितलं.

"शिलाई शिकवताना मी पोरींना पहिल्या दिवशी सांगायची," शिवणबाई एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "अंगावर माप घेतल्याशिवाय कात्री हातात धरायची नाही. आणि घरी येईल त्याला सांगायची, आमच्या ह्यांनी हरकत घेतली. एकट्यांनी." त्यांना दम लागला. "मला पुढच्या घरात न्या. ती भिंत घालताना मला बघायची नाही."

पुढच्या घराचं बाथरूम जुनं आणि ऐसपैस होतं. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली शिवणबाईंचा पलंग टाकला, मुलींचं अभ्यासाचं टेबल आत गेलं. दुसरा पलंग मावत नव्हता. बाबा, तुम्ही झोपायला मागे, जेवायला इकडे, असं लेकीने ठरवून टाकलं, आणि त्यात नाही म्हणण्यासारखं कुणाला काही दिसलं नाही.

भिंत त्याच गवंड्याने घातली. पुन्हा होती तिथेच का, असं त्याने एकदाच विचारलं. तुळई काढून घेतली, सरकतं दार काढून ओट्याशी उभं केलं, दोन दिवसांत काम संपलं. निरीक्षक येऊन फोटो काढून गेला.

खोडरबर रोज सकाळी दाढी करून पुढच्या घरात जायचे आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायचे. घरातली धांदल चाललेली असायची. मुलींची दप्तरं, जावयाचा डबा, कुकरची शिटी. कुणी त्यांना पाय आखडा म्हणायचं, कुणी बाजूला सरका. शिवणबाई त्या घराच्या होऊन गेल्या. डाव्या हाताने खुणा करून नातींना टीप कशी मारायची ते शिकवायच्या, लेकीशी भांडायच्या, पुन्हा हसायच्या. नवऱ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. औषध द्या. पंखा कमी करा. एकदा तिसऱ्या प्रहरी ऊन छान पडलं होतं म्हणून ते म्हणाले, चल, मागे ओट्यावर बसू. तिथे काय आहे, असं शिवणबाईंनी विचारलं. पुन्हा खोडरबरांनी तो विषय काढला नाही. वर्षभरात त्या एकदाही मागे गेल्या नाहीत.

वर्ष उलटल्यावर एका संध्याकाळी मुख्याध्यापक कुंपणाशी आले. हातात खात्याची नमुन्यांची पुस्तिका होती. झालं गेलं त्यांनी काढलं नाही, खोडरबरांनीही नाही. आमच्या मागेही असं घर बसेल का, तुम्ही जाणकार, जरा बघून सांगता का, असं ते म्हणाले. खोडरबर टेप घेऊन गेले. टेपचं एक टोक मुख्याध्यापकांच्या हातात दिलं, दुसरं घेऊन हद्दीपर्यंत चालत गेले. लांबी घेतली, रुंदी घेतली, भिंतीपासूनचं अंतर घेतलं. पाच बसत नव्हता. सहा बसत नव्हता. बसत होता तो तीनच.

"पण त्याचं बाथरूमचं दार सव्वादोन फुटांचं आहे," ते म्हणाले. "खुर्ची आत जात नाही. उद्या वहिनींचे गुडघे बिघडले, किंवा तुम्हालाच काही झालं, तर तिथे राहता येणार नाही. घेऊ नका तो."

मुख्याध्यापक हसले. "अहो, आम्हाला कुठे राहायचंय त्यात? भाडेकरू ठेवायचाय."

"मग त्यांना अडचण होईल."

"त्यांचं ते बघतील. नाही परवडलं तर जातील दुसरीकडे."

टेप खोडरबरांच्या हातात ताणलेली होती. मग टोक घट्ट धरा म्हणाले, आणि राहिलेलं माप घेऊन कागदावर लिहून दिलं.

जेवायला पुढच्या घरात गेले तेव्हा शिवणबाईंनी विचारलं, मास्तर काय म्हणत होते. त्यांनी खिडकीतून दोघांना टेप धरलेलं बघितलं होतं.

"मागे घर बांधतायत. तीन नंबर."

"तुम्ही काय केलंत?"

"दार अरुंद आहे म्हणून सांगितलं. ऐकलं नाही." ते खुर्चीत बसले. "मग मापं घेऊन दिली."

शिवणबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग नातीला हाक मारून टीव्हीचा आवाज मोठा करायला सांगितला. ताटं वाढून होईपर्यंत खोडरबर बसून राहिले, जेवले, आणि आपलं ताट घासून ठेवून मागे निघून गेले.